राजूचा बोंडा

कादंबरीवरून काढलेला सिनेमा बघायला जाताना कादंबरी वाचलेल्या माणसाला शक्यतो बरोबर नेऊ नये. तो काही बोलत नाही, पण अंधारातही त्याची नापसंती ऐकू येते. नायिका निळी साडी नेसून आली की तो उसासा टाकतो, कारण पुस्तकात साडी हिरवी असते. एखादं पात्र गाळलं की मान हलवतो, नवं घातलं की जोरात हलवतो. मध्यंतरात समोशाचा कोपरा मोडता मोडता तो आपल्याला तिसऱ्या प्रकरणात काय होतं ते ऐकवतो, आणि सिनेमा सुटल्यावर जिना उतरेपर्यंत निकाल लागलेला असतो. ‘पुस्तकाची सर नाही.’ या निकालावर अपील नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं ते संकोचानं गप्प राहतात, आणि ज्यांनी वाचलेलं असतं ते वाचल्याचा पुरावा म्हणून माना डोलावतात.

आमच्या घरात हा माणूस म्हणजे मी. विरुद्ध पक्षात मालूमावशी, एकटीच, पण मला पुरून उरणारी. मावशीचं म्हणणं असं की गाणी नसतील तर त्या गोष्टीत माणसं श्वास तरी कुठे घेतात? आमची इतर भांडणं चहा उकळेपर्यंत मिटतात. एकच खटला वर्षानुवर्षं पुढच्या तारखेवर जातो आहे, तो ‘गाइड’चा. देव आनंद हा मावशीचा पक्ष, आर. के. नारायण हा माझा.

आता नारायणांचं थोडं. त्यांची ‘द गाइड’ १९५८ साली आली. लिहिली अमेरिकेत, बर्कलीतल्या हॉटेलच्या खोलीत बसून, पण तिचं बी होतं म्हैसूरचं. एका वर्षी तिकडे पाऊस पडेना, तेव्हा काही ब्राह्मण कावेरीच्या पात्रात गुडघाभर पाण्यात उभे राहून अकरा दिवस उपास आणि प्रार्थना करत होते. दुसऱ्या कुठल्या लेखकाला त्यातून भक्तीची किंवा अंधश्रद्धेची कथा सुचली असती. नारायणांच्या डोक्यात बहुधा वेगळीच शंका आली असावी. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला भूक लागली तर? आणि त्याचा मुळात या सगळ्यावर विश्वासच नसला तर?

त्यातून राजू आला. मालगुडी स्टेशनवरच्या दुकानदाराचा हा मुलगा. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचून त्याचं शिक्षण झालं. त्याला वावडं एकाच गोष्टीचं, ‘मला माहीत नाही’ असं म्हणण्याचं. प्रवाशानं देवळाचं वय विचारलं की राजू आधी प्रवाशाकडे बघायचा आणि मग देवळाचं वय ठरवायचा. अशा माणसानं गाईड व्हावं हे ओघानंच आलं. पुढे एक संशोधक येतो. टोपी, चष्मा, जाड कपडे असा मोहिमेवर निघाल्यासारखा त्याचा थाट, म्हणून राजू मनातल्या मनात त्याचं नाव मार्को ठेवतो, आणि आपल्यालाही शेवटपर्यंत त्याचं खरं नाव कळत नाही. त्याची बायको रोझी. एम. ए. झालेली, देवदासींच्या घराण्यातली, नाचासाठी तळमळणारी. मार्कोला लेण्यांतल्या दगडी नर्तकी आवडतात, घरातली नाचू लागली तर चालत नाही. राजू तिला नाचायला लावतो, तिचा मॅनेजर होतो, पैशानं फुगतो, एका कागदावर तिची खोटी सही करतो आणि दोन वर्षं तुरुंगात जातो. सुटल्यावर घरी जायला तोंड नाही म्हणून नदीकाठच्या पडक्या देवळाच्या पायरीवर बसतो. वेलन नावाचा शेतकरी त्याला बघतो आणि हात जोडतो. झालं. राजू पुन्हा गाईड होतो, फक्त आता पर्यटक बदललेले असतात.

यात माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे बोंडा.

गावकरी स्वामीजींना रोज जेवण आणून देत असतात. फुकटचं असलं तरी तेच तेच. एक दिवस राजूला आठवतो लहानपणी स्टेशनवरचा फेरीवाला विकायचा तो बोंडा. पीठ, बटाटा, कांद्याची चकती, कोथिंबिरीचं पान, हिरवी मिरची. म्हणजे आपल्या बटाटेवड्याचा दाक्षिणात्य मावसभाऊच. स्वामीजी भक्तांना पीठमीठ आणायला सांगतात, काही खास करायचं आहे म्हणून. सामान येण्याच्या आत गावात मारामारी होते. दुष्काळानं सगळ्यांची डोकी फिरलेली. राजूला काळजी वेगळीच. मारामारी झाली तर पोलीस येतील, पोलीस आले तर आपल्याला ओळखतील. तो वेलनच्या भोळसट भावाला निरोप देतो, की भांडण थांबेपर्यंत मी जेवणार नाही. भाऊ धावत जातो आणि सांगतो, पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत. झाला उपास सुरू. बिचाऱ्याला हवा होता बोंडा, मिळाला महात्मेपणा.

इथून पुढची पानं मी कितीदा वाचली त्याला हिशेब नाही. दिवसभर दर्शनाला गर्दी. रात्री माणसं पांगली की राजू गाभाऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या भांड्याकडे जातो. पहिल्या दिवशी त्यात उरलंसुरलं काही होतं, ते त्यानं संपवलेलं. आता रिकामं भांडं. आपण वाचताना हसतो, आणि हसता हसता आपल्या लक्षात येतं की हा माणूस खरंच मरेल. नारायण मात्र आवाज चढवत नाहीत. सगळं एकाच सुरात सांगतात, पोस्टमन गल्लीतून गेला हे ज्या सुरात सांगतील त्याच सुरात.

सिनेमात हा बोंडा नाही.

माझा हा मुद्दा मी मावशीपुढे फार तयारीनं मांडला होता. पडद्यावरच्या राजूचा उपास उदात्त आहे, पण तो उपाशी नाही, असं काहीसं. मावशी मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ‘अरे, तो देव आनंद आहे. देव आनंद भज्यासाठी जीव टाकताना कोण बघेल?’

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. मोठमोठ्या समीक्षकांनी नटाचं तारकापद आणि पात्र यांतल्या ताणाबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत. मेथीच्या जुडीसमोर ती सगळी मला निरुपयोगी वाटली. नारायणांचा राजू कुणीही असू शकतो. स्टेशनवर आपल्याला ‘साहेब, हॉटेल?’ विचारणारा कुणीही. देव आनंद कुणीही असू शकत नाही. त्याच्या गळ्यात मफलर आला की तो मफलर दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गावाच्या गळ्यात. अशा माणसाला साधू करायचं तर भुकेच्या वाटेनं करता येत नाही, आत्म्याच्या वाटेनंच करावं लागतं. म्हणून सिनेमात झोपलेल्या राजूच्या अंगावर एक साधू येता जाता भगवी शाल टाकतो, आणि गावकऱ्यांना दिसतो तो भगव्यातला माणूस. शाल अंगावर येते आणि पुढे हळूहळू आत उतरते. दिग्दर्शक म्हणून विजय आनंदची ही युक्ती देखणी आहे, हे मी मावशीच्या पश्चात कबूल करतो. पुस्तकात शाल नाही. तिथे नुसता पायरीवर बसलेला माणूस, आणि त्याच्याकडे टक लावून बघणारा वेलन. तेवढ्यावर स्वामी तयार होतो.

सिनेमा कसा निघाला याचं नारायणांनी स्वतःच फार गंमतीदार वर्णन करून ठेवलं आहे, त्यांच्या एका लेखात, ज्याचं नावच ‘मिसगाइडेड गाइड’. देव आनंद त्यांना भेटायला म्हैसूरला आले. हिंदीबरोबर इंग्रजीतही सिनेमा करायचा, इंग्रजीची पटकथा नोबेल मिळवलेल्या पर्ल बक लिहिणार, दिग्दर्शक टॅड डॅनियलेव्स्की. मग ही सगळी मंडळी आली आणि नारायणांनी त्यांना आपला मुलूख दाखवला. हे बघा नदी, हे जुनं देऊळ, ही पायऱ्यांची टेकडी, ही गल्ली. म्हणजे ‘द गाइड’चा लेखक स्वतः गाईड झाला, आणि राजूशी तुलना केली तर फारच प्रामाणिक गाईड. पाहुण्यांनी भरभरून कौतुक केलं, फोटो काढले, निघून गेले. चित्रीकरण झालं राजस्थानात.

नारायणांनी विचारलं, की मालगुडी तर दक्षिणेतलं गाव. त्यांना समजावण्यात आलं की मालगुडीची कल्पना आम्ही विस्तारतो आहोत. आम्ही ठेवू तिथे मालगुडी. ती काश्मीरमध्ये असेल, दिल्लीत असेल. रंगीत आणि रुंद पडद्याला भव्यता लागते. ज्या माणसानं १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मध्ये हे गाव वसवलं, त्याची शाळा, बाजाररस्ता, सरयू नदी एकेक वीट रचून उभी केली, त्यालाच त्या गावाचा पत्ता समजावून सांगितला जात होता. हे दृश्य नारायणांच्याच कादंबरीत शोभलं असतं. त्यांनीही ते तसंच लिहिलं आहे, रागावलेल्या माणसासारखं नव्हे, तर आपल्या गावात परप्रांतीय वरात चुकून शिरली आणि आता तिला वाट काढून द्यायला हवी अशा थाटात.

वाघांचाही किस्सा आहे. कादंबरीत वाघ नाही. इंग्रजी सिनेमा करणाऱ्यांना हरणावरून दोन वाघांची झुंज हवी होती. भारतातल्या गोष्टीत वाघ नसेल तर परदेशी प्रेक्षकाला आपण भारतात आलो हे कळणार कसं, असा काहीसा हिशेब असावा. आणि लॉर्ड माउंटबॅटन! लंडनच्या पहिल्या खेळाला राणीनं यावं म्हणून त्यांच्याकडे शब्द टाकायचं ठरलं. माउंटबॅटननी साहजिकच विचारलं, गोष्ट काय आहे? सांगायला सुरुवात झाली, राजू नावाचा एक माणूस असतो. राजू कोण? मीच तो, असं देव आनंद. मग रोझी. रोझी कोण? वहिदा रेहमानकडे बोट. गोष्ट काही पुढे सरकेना. नारायण बाजूला बसून हे ऐकत होते. मला नेहमी वाटतं की त्या खोलीत फक्त एका माणसाला ती गोष्ट नीट सांगता आली असती, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

नारायण सिनेमाच्या बाबतीत अगदीच नवखे होते असंही नाही. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओसाठी त्यांनी काम केलं होतं. ‘मिस्टर संपत’ ही त्यांची कादंबरीच मुळी एका सिनेमा काढणाऱ्या गोड बोलणाऱ्या लबाडाची, आणि जेमिनीनं १९५२ मध्ये तिच्यावर मोतीलालला घेऊन हिंदी सिनेमा काढला. म्हणजे सिनेमावाल्यांची थट्टा करणाऱ्या पुस्तकाचे हक्क सिनेमावाल्यांनीच घेतले. तेव्हा देव आनंदना होकार देताना आपण कोणत्या गाडीत बसतो आहोत हे त्यांना ठाऊक असणारच. गाडी उदयपूरला जाईल एवढं ठाऊक नव्हतं.

इंग्रजी ‘गाइड’ अमेरिकेत आला आणि गेला. हिंदी आला आणि राहिला. मुळात हिंदीचं दिग्दर्शन चेतन आनंद करणार होते, ते ‘हकीकत’कडे वळले आणि धाकट्या विजय आनंदनं पटकथा नव्यानं लिहिली. मला वाटतं तिथेच सिनेमा वाचला. पुस्तकाशी प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न त्यानं सोडून दिला आणि स्वतःला काय दिसतंय ते बघितलं. त्याला दिसली रोझी.

इथे मला माझ्या पक्षाविरुद्ध साक्ष द्यावी लागते. कादंबरीतली रोझी आपल्याला राजूच्या डोळ्यांनीच दिसते, कारण तिच्या बाबतीतला सगळा मजकूर राजू वेलनला सांगतो. आणि राजू कसा साक्षीदार आहे ते आपण देवळाच्या वयावरून ओळखलेलंच आहे. ती कशी चालली, कशी हसली, तिनं डोळे कसे पुसले, सगळं त्याचं. ती एकटी असताना काय करते हे आपल्याला कधीच कळत नाही. सिनेमात वहिदा रेहमान घुंगरू विकत घेते, रस्त्यावर निघते, गवतानं भरलेल्या ट्रकवर चढते, चितोडच्या तटावरून धावते, आणि लताबाईंच्या आवाजातलं ते गाणं सुरू होतं. नवऱ्याला सोडून आलेली बाई हिंदी पडद्यावर प्रथमच रडत नव्हती. निदान इतक्या उंचावर जाऊन तरी नव्हतीच. त्या चार मिनिटांत राजू तिच्या मागे मागे पळतो, थोडा गोंधळलेला, थोडा घाबरलेला. गाईडला वाट माहीत नाही, पर्यटक पुढे गेलेली. हे पुस्तकात नाही. पुस्तकात असूच शकत नव्हतं, कारण तसं सांगायला राजूला स्वतःची फजिती कळावी लागली असती.

त्याआधीचा नागनृत्याचा प्रसंगही तसाच. पुस्तकात रोझी मालगुडीत उतरल्या उतरल्या नाग दाखवता का विचारते, आणि गारुड्याच्या पुंगीवर तिचं अंग डोलू लागतं. नारायण ते अर्ध्या पानात सांगतात. वहिदा ते अशी नाचते की बघणाऱ्याला हिनं इतकी वर्षं हे कुठे कोंडून ठेवलं होतं असं वाटतं. मावशी म्हणते, लग्नाच्या आधी मीसुद्धा भरतनाट्यम शिकत होते. नंतर नाही. एवढंच म्हणते, आणि पुढचं गाणं लावते.

मात्र मार्कोवर सिनेमानं अन्याय केला. लग्नाच्या बाईनं दुसऱ्या पुरुषाबरोबर राहायचं तर त्या काळच्या प्रेक्षकाला पटण्यासाठी नवरा वाईट हवा. म्हणून किशोर साहूंच्या मार्कोला दारू आली, परस्त्री आली, गुहेत नको ते आलं. पुस्तकातल्या मार्कोला एवढी ऊर्जाच नाही. त्याला भिंतीवरची चित्रं पुरतात. बायकोचं प्रकरण कळल्यावर तो ओरडत नाही, मारत नाही, फक्त तिच्याशी बोलणं थांबवतो आणि एक दिवस तिला मालगुडीतच ठेवून गाडीत बसून निघून जातो. त्याच्या गप्प राहण्यानं जो काटा येतो तो बाटलीनं येत नाही. आणि कहर म्हणजे पुढे त्याचं जाडजूड पुस्तक छापून येतं आणि त्यात ऋणनिर्देशात, मालगुडी रेल्वे स्टेशनच्या श्री. राजू यांच्या मदतीबद्दल आभार! ज्यानं बायको नेली त्याचे आभार, कारण लेण्यांचा रस्ता त्यानं दाखवला होता आणि संशोधकानं ऋण लपवायचं नसतं. विद्वत्तेवर इतकी सभ्य टपली मी दुसरीकडे वाचलेली नाही. ही जागा गाळणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

आता शेवट. भांडणाचं खरं मूळ.

पुस्तकात उपासाच्या दिवसांत देवळाभोवती जत्रा भरते. दुकानं लागतात, चहाच्या प्रचाराचा स्टॉल लागतो आणि फुकट चहा मिळतो, आरोग्य खातं पडदा लावून हिवतापाचा सिनेमा दाखवतं. सरकारी डॉक्टर येऊन नाडी बघतात. अमेरिकेतून एक गृहस्थ कॅमेरा घेऊन येतो आणि मरणाऱ्या माणसाला विचारतो, तुम्ही पहिल्यापासूनच योगी होतात का? राजू म्हणतो, थोडाफार. कादंबरी आली तेव्हा देव आनंद नारायणांच्या दारात यायचे होते. पण कॅमेरा येणार, चांगला उजेड शोधणार, आणि उपाशी माणसाला जरा इकडे बघा म्हणणार, हे नारायणांनी आधीच लिहून ठेवलं होतं. सिनेमावाल्यांना कादंबरीनं दिलेली ही आगाऊ सलामीच म्हणायची.

शेवटच्या सकाळी राजूला आधार देऊन नदीत नेतात. तो डोंगरांकडे बघतो, वेलनला सांगतो की तिकडे पाऊस पडतोय, पायाखाली ते जाणवतंय, आणि कोसळतो. संपलं. पाऊस पडला का? राजू मेला का? नारायण सांगत नाहीत. आयुष्यभर ज्यानं लोकांना ऐकायचं तेच ऐकवलं त्याचं शेवटचं वाक्य खरं आहे की सवयीनं मारलेली थाप, हे आपण ठरवायचं. मला हा शेवट जगातल्या उत्तम शेवटांपैकी एक वाटतो.

सिनेमात काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. आई येते, म्हणजे लीला चिटणीस. राजूचा टॅक्सीवाला मित्र गफूर येतो. रोझीही येते. राजूचा देह आणि आत्मा एकमेकांशी बोलतात, बरंच बोलतात. त्या संवादाच्या वेळी मी दर वेळी चहा टाकायला उठतो आणि चहा गाळून झाला तरी आत्म्याचं संपलेलं नसतं. आणि मग पाऊस. ढग, विजा, धो धो पाऊस, नाचणारी माणसं, आणि राजूचा मृत्यू. शंकेला जागा नाही.

‘हेच तर,’ मी मावशीला म्हणालो होतो. ‘नारायणांनी कदाचित ठेवलं, यांनी धबधबा सोडला.’

तेव्हा मावशीनं मला बहात्तर सालचं सांगितलं. सिनेमा तिनं पहिल्यांदा बघितला पुण्यात, कॉलेज बुडवून. ती निव्वळ देव आनंदची भेट होती. दुसऱ्यांदा बघितला १९७२ मध्ये. लग्न होऊन ती सोलापूर जिल्ह्यात गेलेली, काका तिथे मास्तर. विहिरी कोरड्या, गुरं छावणीत किंवा बाजारात, बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनवर तांबडा मिलो, पोरांना सुकडी. अशात गावाबाहेर तंबूत ‘गाइड’ लागला. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं मातीत बसून बघत होती. पहिली गाणी, प्रेम, सही, तुरुंग, यावर फारसं कुणी काही बोललं नाही. गजानन जागीरदारांचा भोला, म्हणजे सिनेमातला वेलन, आणि त्याचं गाव पडद्यावर आलं तेव्हा तंबू सावरून बसला. वाळलेली जमीन त्यांना ओळखीची होती. बर्मनदांच्या आवाजातलं ढगाला पाणी मागणारं गाणं लागलं तेव्हा काही बायकांनी हात जोडले. आणि शेवटी पडद्यावर पाऊस पडला तेव्हा माणसं उठून उभी राहिली. कुणी शिट्टी मारली नाही. प्रोजेक्टरवाल्यानं रीळ पुन्हा लावावं म्हणून ओरडा झाला, आणि त्यानं तेवढा पाऊस पुन्हा दाखवला. मावशी म्हणते दोनदा दाखवला, पण तिच्या आकड्यांवर देव आनंदचा परिणाम असतो.

‘तिथे जाऊन सांग तुझं ते कदाचित,’ मावशी म्हणाली.

गेलो असतो तर मलाही खडी फोडायला बसवलं असतं. पण मी वकिलासारखा एक मुद्दा काढलाच. म्हटलं, मावशी, तंबूतल्या माणसांनी तरी काय केलं? वेलननं केलं तेच. पडद्यावरचा पाऊस नळीचा आहे हे त्यांना कळत नव्हतं का? कळत असूनही ती उभी राहिली. राजू खोटा साधू आहे हे त्यानं स्वतः सगळी कहाणी सांगून कबूल केल्यावरही वेलन म्हणतो, स्वामी, तुम्ही हे मला सांगितलंत हे माझं भाग्य. म्हणजे नारायणांनी जे लिहिलं ते तुमच्या तंबूत घडलं. मावशीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मग सिनेमामुळेच घडलं ना?’ तारीख पुढे गेली.

मध्ये एकदा मला एक जोरदार पुरावा मिळाला होता. ‘गाइड’ला फिल्मफेअरची रग्गड पारितोषिकं मिळाली. चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका. संगीताचं मात्र बर्मनदांना मिळालं नाही, यावर मावशी आणि मी प्रथमच एका बाजूला आहोत. आणि सर्वोत्कृष्ट कथेचं पारितोषिक मिळालं आर. के. नारायण यांना. ज्या कथेतून मालगुडी काढली, बोंडा काढला, मार्कोचा सज्जनपणा काढला, शेवटची शंका काढली, त्या कथेबद्दल! साहित्य अकादमीनं १९६० साली याच कादंबरीला गौरवलं होतं, ते समजू शकतं. पण ही बाहुली घरात कुठे ठेवायची असा प्रश्न त्यांना पडला असेल. मी हे मावशीला विजयी मुद्रेनं सांगितलं. ती म्हणाली, ‘बघ, त्यांच्याकडेसुद्धा बक्षीस सिनेमामुळेच आलं.’

पुढे शंकर नागनं दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ काढलं, कर्नाटकातल्या आगुंबे गावात जाऊन. नारायणांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची चित्रं त्याला होती, आणि मालगुडी अखेर दक्षिणेत परतली. ती मालिका लागली की मी आणि मावशी दोघंही शांत बसायचो. तिथे भांडायला काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे थोडं चुकल्यासारखंही व्हायचं.

गेल्या दिवाळीत मी मावशीला ‘द गाइड’ची प्रत दिली. इतकी वर्षं तिनं ते पुस्तक घरात येऊ दिलं नव्हतं. महिनाभर काही कळलं नाही. मग एका दुपारी फोन.

‘वाचलं.’

‘मग?’

‘बोंड्याचं चांगलं लिहिलंय. माणूस चोर असला तरी त्याची दया येते.’

मी मनातल्या मनात निकालपत्र लिहायला घेतलं. पण मावशीचं व्हायचं होतं.

‘आणि यात रोझी शेवटी परत येत नाही रे.’

‘नाही. तो तुरुंगात असतानाच तिचं स्वतःचं बस्तान बसतं. त्याच्यावाचून तिचं उत्तम चाललंय हे ऐकून त्याला वाईटसुद्धा वाटतं.’

‘वाटू दे,’ मावशी म्हणाली. ‘खोट्या सह्या करणाऱ्याकडे काय म्हणून यायचं? सिनेमात ती रडत धावत येते ना, ते मला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही पटलं नव्हतं. देव आनंदसमोर कुणाला सांगणार? पाऊस सिनेमाचा चांगला, बाई पुस्तकातली चांगली. आणि तुझ्या त्या नारायणांना ही बाई जमली असेल, पण तिला एक गाणं तरी द्यायचं होतं.’